किती दिसतं, एवढं विचारून भागत नाही



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘मधुमेह आणि डोळे’. तो वाचून काही जणांनी मनाशी धरलं असेल, की डॉक्टर आता लालपिवळी चित्रं दाखवतील, गोड खाऊ नका म्हणून दम भरतील आणि व्याख्यान संपल्यावर मात्र सगळ्यांना साखरेचाच चहा मिळेल. चहाचं माझ्या हातात नाही. चित्रं मी आणलेली नाहीत. आणि दम भरून कुणाची साखर उतरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मला बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. हा आजार माणसाच्या दिवसाचं काय करतो? सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत त्याची कुठे कुठे अडचण होते, आणि ती आम्हा डॉक्टरांच्या कागदावर का उतरत नाही?

आजार थोडक्यात सांगतो. डोळ्याच्या आतल्या बाजूला पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली, की या वाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. त्यातून पाणी, चरबी, रक्त झिरपतं. पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तिथे हे पाणी साचलं तर पडद्याला सूज येते. दुसरीकडे काही वाहिन्या बंद पडतात, तिथला पडदा उपाशी राहतो आणि नव्या वाहिन्या वाढवणारं एक प्रथिन सोडतो. नव्या वाहिन्या येतात खऱ्या, पण त्या इतक्या नाजूक असतात, की एखाद्या सकाळी काही कारण नसताना फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. पुढे त्यांचे व्रण आकसले, की पडदा जागेवरून ओढला जातो.

यात दुखत काहीच नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. बराच आजार होऊन गेला तरी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. म्हणून ज्याला सगळं नीट दिसतंय, त्यानेच वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा असतो. टाइप दोनचा मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून, कारण निदान होण्याआधी साखर किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसतं.

आकडे मोजकेच देतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्याच्या आदल्या वर्षी चाळिशीपुढच्या मधुमेहींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेबारा टक्के, म्हणजे आठांत एकाच्या पडद्यावर बदल आढळले आणि चार टक्क्यांची नजरच धोक्यात होती. चार टक्के ऐकायला लहान वाटतात. दहा कोटींशेजारी ठेवून पाहा.

आता मूळ मुद्दा. नजर मोजायचा तक्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. वर एक मोठं अक्षर, खाली लहान होत गेलेल्या ओळी. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने तो १८६२ मध्ये तयार केला. सहा मीटरवर बसवायचं, एक डोळा झाकायचा, वाचायला लावायचं. ६/६ म्हणजे उत्तम. ६/१२ म्हणजे निकोप डोळ्याला जे बारा मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला या माणसाला सहा मीटरवर यावं लागतं. चांगलं, सोपं, स्वस्त साधन आहे; त्याच्यावाचून माझं एक दिवस चालणार नाही. पण तो तक्ता पांढऱ्याशुभ्र फळीवर काळ्याकुळकुळीत अक्षरांत असतो, मागे दिवा असतो आणि अक्षर हलत नाही. आपलं जगणं तसं असतं का?

कऱ्हाड-पाटण बाजूचे एक शिंपीकाका आमच्याकडे येत. पन्नाशी ओलांडलेली, मधुमेह बारा-तेरा वर्षांचा. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज. तक्त्यावर ६/१२. तरुण सहकाऱ्याने कागदावर लिहिलं, ‘दृष्टी समाधानकारक’. काका उठले नाहीत. म्हणाले, “अक्षर दिसतंय ओ, पण काजं जमंनात.” शर्टाला काज करायचं म्हणजे पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने, सूतभर अंतराने टाके घालायचे. सूज आलेल्या पडद्याला सरळ रेघ वाकडी दिसते आणि पांढऱ्यातलं पांढरं वेगळं कळत नाही. तुरपाई बायको करायला लागली. सुईत दोरा नातू ओवून द्यायचा. गिऱ्हाइकाने पॅन्ट परत आणली, शिलाई तिरकी गेली म्हणून, तेव्हापासून काका नव्या कपड्यांची मापं घेईनात. फक्त जुनं उसवून देणं आणि चेन बदलणं. कमाई निम्म्यावर आली. कागदावर मात्र ‘समाधानकारक’.

रंगछटांमधला बारीक फरक ओळखण्याची ताकद ही वेगळी शक्ती आहे आणि मधुमेहात ती पुष्कळदा अक्षरं वाचण्याच्या आधी कमी होते. तिचा पत्ता लागतो तो घरात. जिन्याची शेवटची पायरी जमिनीत मिसळून जाते आणि पाय हवेत पडतो. पांढऱ्या कपात दूध कुठवर आलं ते समजत नाही. तांदूळ निवडताना खडा सुटतो. तव्यावरची भाकरी करपली हे वासाने कळतं, नजरेने नाही. एसटी फाट्यावर येते, पाटी वाचता येत नाही, शेजारच्याला विचारावं तर तो म्हणतो, “शिकलेले दिसता की!”

बायकांच्या बाबतीत हे नुकसान मोजलंच जात नाही. पुरुषाचं काम सुटलं तर पगार थांबतो, तो आकडा दिसतो. साठीच्या बाईच्या हातातून स्वयंपाकघर निसटतं तेव्हा घरचे म्हणतात, “आता आरामच करा, आई.” बोलणारा प्रेमाने बोलतो. पण चाळीस वर्षं ज्या घरात मिठाचा अंदाज हिचा होता, तिथे तिला कुणी काही विचारेनासं होतं. तिला दवाखान्यात न्यायलाही कुणाची तरी सुट्टी लागते. ती म्हणते, माझं काय अडलंय, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर येते तेव्हा पडदा ओढला गेलेला असतो.

आणखी एक त्रास आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पडद्याचा मधला भाग बिघडला, की रस्त्यावरून चालता येतं, गाडी चुकवता येते, पण समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. गावात काय होतं? “पाटील आताशा ओळख देत नाहीत. पोराची नोकरी लागली, मान वर झाली.” पाटलांना बिचाऱ्यांना समोर कोण उभं आहे हे तो बोलल्याशिवाय कळत नाही. मग ते पारावर बसायचं सोडतात, लग्नकार्याला जायचं टाळतात. शिवाय हा आजार रोज सारखा नसतो. साखर वर-खाली झाली, की डोळ्यातलं भिंग फुगतं, चष्म्याचा नंबर पंधरवड्यात बदलतो. (म्हणून साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातात.) डोळ्यात थोडं रक्त उतरलं, तर काल स्वच्छ दिसणाऱ्याला आज सगळीकडे काळी कोळिष्टकं दिसतात आणि आठ दिवसांनी ती खाली बसतात. घरच्यांना वाटतं, काल तर पेपर वाचत होता, आज दिसत नाही कसं? सोंग करतोय. कायमचं दिसेनासं झालेल्या माणसाला निदान विश्वास तरी मिळतो. याला तोही नाही.

साखर आवरायला डोळे लागतात, आणि साखर डोळेच घालवते. इन्सुलिन घेणाऱ्याचा हात जवळून पाहा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. दुसरं १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. धूसर नजरेला लाल आणि केशरी जवळजवळ एकच. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने रेघा मोजून घेतलं, तर निम्म्याहूनही कमी डोस जातो. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने घेतलं तर अडीचपट, आणि माणूस घाम फुटून बेशुद्ध पडू शकतो. सिरिंजवरच्या रेघा तर धडधाकट नजरेलाही चष्मा लावून पाहाव्या लागतात. कुणी पेन वापरतात आणि आकडा दिसत नाही म्हणून टकटक मोजून डोस घेतात. तेही बिनधोक नाही, घरात कुकरची शिट्टी झाली की एखादी टक निसटते. पायाचंही तेच. मधुमेह्याने रोज रात्री तळपाय पाहावेत असं आम्ही बजावतो. ज्याला पायाची बधिरता आहे त्याला काटा टोचलेला जाणवत नाही, आणि ज्याची नजर गेली त्याला जखम दिसत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतं, कारण बारीक रक्तवाहिन्या पडद्यात बिघडल्या, तर त्या पायातल्या नसांभोवती आणि मूत्रपिंडातही पुष्कळदा बिघडलेल्या असतात.

उपचारांबद्दल मी कृतज्ञतेनेच बोलेन. जर्मनीत ९ जुलै १९४५ ला सूर्यग्रहण दिसलं. ते उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेल्यांचे डोळे गेर्ट मायर-श्विकेराट या डॉक्टरने तपासले. त्याच्या मनात आलं, प्रकाशाने पडदा भाजतो, तर हवा तिथे नेमका भाजून आजार थांबवता येईल का? त्यातूनच पुढचे लेसर आले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की नव्या वाहिन्या आलेल्या डोळ्यांत लेसरने नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. रॉबर्ट मखेमर यांनी १९७० मध्ये मायामीत डोळ्यातलं साकळलेलं रक्त आणि जेली बारीक छिद्रातून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली, जी त्या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनालाच अडवतात. त्यातलं एक औषध तर आतड्याच्या कर्करोगासाठी बनलेलं होतं. पूर्वी आम्ही सूज आलेल्या डोळ्याची नजर आहे तिथे थोपवून धरायचो. आता बऱ्याच जणांची सुधारते.

पण रुग्णाच्या बाजूने हिशेब मांडा. पडद्यावर सगळीकडे लेसर मारायचा, म्हणजे मधली नजर वाचवण्यासाठी कडेचा पडदा बळी द्यायचा. त्यानंतर काही जणांना संधिप्रकाशात चाचपडायला होतं, बाजूने येणारी दुचाकी उशिरा दिसते. हे आधी सांगितलं नाही, तर तो माणूस म्हणतो, “लेसरनं माझा डोळा घालवला,” आणि गावातले आणखी चौघे लेसरला येत नाहीत. आधी सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात. मला वाटतं, न सांगण्यामागे आमची वेळेची टंचाई जितकी असते, तितकीच रुग्णाला काय कळतंय ही मग्रुरीही असते.

इंजेक्शनचं नाव काढलं, की पहिली भीती सुईची. खरं तर बधिर करून दिलेली ती सुई दाताच्या इंजेक्शनपेक्षा कमी दुखते. जड जातो तो पुढचा व्यवहार. सुरुवातीला महिन्याला एक, असं काही महिने, पुढे गरजेप्रमाणे, कधी वर्षानुवर्षं. दर खेपेला बरोबर माणूस हवा, कारण तपासणीसाठी बाहुली मोठी केली, की चार-सहा तास उन्हात डोळा उघडवत नाही, मोटारसायकल चालवता येत नाही. म्हणजे एका इंजेक्शनला दोघांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं, सकाळच्या भुकेल्या रांगेत साखर उतरू नये म्हणून नाश्ता वेगळा. खुरपणी-काढणीचे दिवस असले की रुग्ण येत नाही. आम्ही कागदावर लिहितो, ‘रुग्ण अनियमित’. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये डोळ्यातल्या इंजेक्शनांचा आधुनिक उपचारांच्या यादीत समावेश केला, त्यामुळे विमा असणाऱ्यांना दावा करायला आधार मिळाला. ज्याच्याकडे विमाच नाही, त्याला त्या यादीचा काय उपयोग?

दोष देण्याबद्दलही बोललं पाहिजे. डोळे गेले की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं, “तोंडाला आवर घातला नाही.” साखर आवरण्याला महत्त्व आहेच, टाइप एकच्या रुग्णांवर झालेल्या १९९३ च्या अमेरिकी चाचणीत काटेकोर नियंत्रणाने पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ मधल्या ब्रिटिश चाचणीने रक्तदाबाचं नियंत्रणही तितकंच मोलाचं असल्याचं दाखवलं, पण रक्तदाबाच्या गोळीची चौकशी घरात कुणी करत नाही, जिलबीचीच करतात. मधुमेह किती वर्षांचा आहे, आनुवंशिकता काय, गरोदरपण आहे का, मूत्रपिंड कसं आहे, या गोष्टी माणसाच्या हातात नसतात. सगळं पथ्य पाळून पडदा बिघडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि तीस वर्षं श्रीखंड हाणून ६/६ वाचणारेही. आरोपी केलेला माणूस पुढच्या तपासणीला येत नाही. नजर गेलेल्या मधुमेहींत नैराश्य जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात त्याची विचारपूस करायला वेगळी खुर्चीसुद्धा नाही.

एक आजीबाई मुलाला बाहेर पाठवून हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, मला भिंतीवर बारकी बारकी माणसं दिसतात. फेटे बांधलेली. काही बोलत नाहीत. मला वेड लागलं का?” वेड नाही. नजर खूप कमी झाली की मेंदूकडे चित्रं यायची थांबतात आणि मेंदू आपली आपणच तयार करतो. शार्ल बोने या स्विस विद्वानाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना असं दिसत असल्याची नोंद केली, त्यावरून या अवस्थेला त्याचं नाव आहे. बोनेचे आजोबाही शहाणे होते आणि आमच्या आजीबाईही. त्यांनी ही गोष्ट दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सांगितलं असतं तर अंगारा आणला असता किंवा मनोरुग्णालयात नेलं असतं, असं त्यांना वाटत होतं. नाव कळल्यावर म्हणाल्या, “मग येऊ द्यात. त्रास काही देत नाहीत.” या आजींचं तक्त्यावरचं माप त्या दिवशी बदललं नाही. घरी जाताना मात्र त्या मुलाशी गप्पा मारत गेल्या.

हे सगळं मोजता येतं का? येतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे. अंधुक उजेडात पायऱ्या उतरताना अडचण येते का, गच्च भरलेल्या फडताळातून वस्तू काढता येते का, आपण बोललेलं ऐकून समोरच्याची मुद्रा कशी झाली ते दिसतं का, दुसऱ्याच्या तंत्राने चालावं लागतं का. त्यात मोटार चालवण्यावर प्रश्न आहेत. आपल्याकडच्या पुष्कळांना ते लागू नाहीत. म्हणून आपल्या देशात रुग्णांशी बोलून तेहतीस प्रश्नांची भारतीय प्रश्नावली बनली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. संशोधनात ती वापरतात. रोजच्या तपासणीत कुणी वापरल्याचं क्वचितच ऐकू येतं. एका सकाळी शंभरच्या वर रुग्ण असतात, तेहतीस प्रश्न कोण विचारणार, हे मला मान्य आहे. पण एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं: डोळ्यांमुळे कोणतं काम सोडलंत? शिंपीकाका ‘काजं’ म्हणाले, तर त्यांना टेबलावर वाकवता येईल असा दिवा आणि स्टँडचं भिंग सुचवता येतं. काळ्या कापडावर ठेवून तांदूळ निवडणं, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी रंगवणं, इन्सुलिनच्या एकाच जातीची सिरिंज घरात ठेवणं, फोनला अक्षरं बोलून दाखवायला लावणं, रिझर्व्ह बँकेचं २०२० मध्ये आलेलं ‘मणी’ ॲप नोट ओळखून सांगतं ते फोनमध्ये घालून देणं: यातल्या कशालाही सर्जन लागत नाही. या कामाचं शिक्षण घेतलेली माणसं मात्र लागतात आणि ती मोठ्या शहरांबाहेर फार कमी आहेत.

सरकारी बाजूने काय करता येतं, याचं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथे २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे फोटो पद्धतशीर काढायला सुरुवात झाली. २००९-१० मध्ये कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत हा आजार पन्नास वर्षांत प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली आला. आपल्याकडे अजून ‘मोतीबिंदू पिकला की बघू’ म्हणत माणसं वाट पाहतात, ऑपरेशन होतं, भिंग स्वच्छ बसतं आणि मागचा पडदा गेलेला असतो.

शिंपीकाकांचं पुढे काय झालं ते सांगतो. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, पडदा सुटला, शस्त्रक्रिया करूनही तो डोळा गेला. उजवा इंजेक्शनांवर ६/१८ ला टिकून आहे. ते अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेले. २०१६ च्या कायद्याप्रमाणे सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. नियमांच्या कोष्टकात एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा ६/१८ पर्यंत वाचणारा, याची किंमत ३० टक्के. रेघ वाकडी दिसते याला कोष्टकात रकाना नाही, पांढऱ्यावरचं पांढरं दिसत नाही यालाही नाही. दाखला देणाऱ्या मंडळाची चूक नव्हती, त्यांनी तक्ता लावला आणि कोष्टक पाहिलं. काकांनी मशीन विकलं ते त्याच महिन्यात, आणि कोष्टकात आणखी एक रकाना घालावा यासाठी मी जो अर्ज केला आहे त्याची पोच अजून यायची आहे.